सामाईक यंत्र आणि मर्यादा

आमच्या शाळेच्या संगणक-वर्गांत एक मोठा सर्व्हर असून वीस विद्यार्थी आपापल्या पडद्यावरून त्या एकाच यंत्रावर काम करितात. त्यावर कोणीं काय चालवावें याच्या मर्यादा आम्हीं घातल्या, तेव्हां कांहीं मुलांनीं विचारिलें, "सर, आमच्यावर विश्वास नाहीं काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें उत्तर येथें देतों.

एके दिवशीं वर्ग चालू असतां सर्वांचे पडदे एकाएकीं स्तब्ध झाले. यंत्र पुन्हां सुरू करावें लागलें, आणि दहावीच्या एका मुलीनें तासभर बसून लिहिलेला निबंध गेला. शोध करितां कळलें कीं, अपराधी कोणी विद्यार्थी नसून मीच होतों! स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओचा आकार लहान करण्याचें काम मी त्याच यंत्रावर लावून ठेविलें होतें, व त्यानें सारी मेमरी व्यापिली होती. माझा हेतु वाईट नव्हता. हानि मात्र झाली. सामाईक वस्तूच्या ठायीं नुसता सद्धेतु पुरत नाहीं, हिशेबही लागतो.

हा हिशेब आपल्याच जिल्ह्यांत पाहावयास मिळतो. हिवरे बाजार हें पर्जन्यछायेंतील गांव. १९९० नंतरच्या दशकांत श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं गांवकऱ्यांनीं पाणलोटाचीं कामें केलीं, व पुढें पावसाच्या मानानें पाण्याचा ताळेबंद मांडण्याची चाल पाडिली. प्रथम माणसांचें व गुरांचें पिणें, मग शेती. ऊंस व केळी हीं पिकें फार पाणी घेतात, म्हणून वर्ज्य. शेतीसाठीं बोअर घेणें तेंही वर्ज्य, कारण तें शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी ओढतें.

सर्व्हरवरही हेच दोन भेद करावेत. जें काम केवळ जड आहे त्यास प्रमाण बांधून द्यावें: अमुक मेमरी, अमुक वेळ. लिनक्स प्रणालींत प्रत्येकाच्या नांवें अशी मर्यादा घालतां येते. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं सुरू झालेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकावर शास्त्रज्ञांनाही आपलें काम रांगेंत लावावें लागतें. परंतु जो प्रोग्राम दुसऱ्याच्या फायलींत डोकावतो, किंवा अनोळखी ठिकाणाहून आणिलेला आहे, त्यास मुळींच थारा नसावा.

मात्र बंदी घालणाऱ्यांनींही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. चार-पांच प्रोग्राम सोडून बाकी सर्व बंद करणें सोपें असतें. पण त्यामुळें स्वतः प्रोग्राम लिहूं पाहणाऱ्या मुलाची जिज्ञासा मरते. हिवरे बाजारचे नियम ग्रामसभेंत सर्वांसमक्ष ठरले. शाळेंतही नियम कारणांसह फळ्यावर लिहावेत, ते शिक्षकांसही लागू असावेत, आणि अधिक हवें असल्यास मागण्याची सोय असावी.

त्या मुलीची मी वर्गासमोर क्षमा मागितली. आतां माझीं जड कामें शाळा सुटल्यावरच चालतात. मुलांनो, ही मर्यादा अविश्वासाची नव्हे. शेजारीं बसलेल्याचें काम आपल्या कामाइतकेंच मोलाचें आहे, एवढेंच तिचें सांगणें आहे. पालकांनींही घरीं मुलांस हें समजावून सांगावें, अशी नम्र विनंति.