शास्त्राचा पदवीधर आणि संशोधनाची चाकरी

दरसाल पावसाच्या आरंभीं परीक्षांचे निकाल लागतात आणि आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून शास्त्रशाखेचे पदवीधर बाहेर पडतात. त्यांतील पुष्कळसे मुलगे व मुली आपणां बागाईतदारांच्या व मच्छीमार बंधूंच्या घरचींच असतात. वनस्पतिशास्त्र, रसायन अथवा प्राणिशास्त्र यांचा अभ्यास करून झाल्यावर त्यांच्यापुढें तीन वाटा दिसतात : गोव्यांतील औषधांचे कारखाने, मुंबई, किंवा अभ्यासिकेंत बसून तलाठ्याच्या परीक्षेची तयारी. यांपैकीं कोणतीहि वाट निंद्य नव्हे. प्रस्तुत लेखकाचें पोट महसुली कारकुनीवरच भरलें आहे, तेव्हां सरकारी चाकरीस नांवें ठेवण्याचा त्यास अधिकार नाहीं. परंतु चवथीहि एक वाट आहे, तिजकडे आपलीं मुलें क्वचितच वळतात, आणि तिचा संबंध आपल्या बागांशीं सर्वांत निकटचा आहे. ती म्हणजे संशोधन साहाय्यकाची चाकरी होय.

या चाकरीविषयीं आपल्याकडे दोन समज आहेत. कोणास वाटतें, हा मोठ्या विद्वानांचा प्रांत; आपल्या पोरास तेथें कोण विचारणार? कोणास वाटतें, ही चार दिवसांची कंत्राटी नोकरी. तीपेक्षां कचेरींतील कायमची शिपाईगिरी बरी. पहिला समज साफ चुकीचा आहे. दुसरा अर्धा खरा आहे, व त्याचा विचार पुढें केला आहे. प्रथम हें काम काय असतें तें पाहूं.

वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राचेंच उदाहरण घ्या. नीलम व हापूस यांच्या संकरापासून तयार झालेली ‘रत्ना’ ही आंब्याची जात १९८१ सालीं प्रसारित झाली, व रत्ना आणि हापूस यांच्या संकरापासून ‘सिंधु’ ही जात १९९२ सालीं निघाली. हापूसमध्यें साका पडतो, रत्नामध्यें तो पडत नाहीं. सिंधूची कोय तर अगदीं पातळ असते. काजूच्या ‘वेंगुर्ला’ या नांवाच्या जाती आज कोंकणच्या डोंगरउतारावर जागोजाग दिसतात. आतां अशी एक जात निघावयास काय लागतें? एकेका मोहोरांत शेंकडों फुलें. त्यांतील निवडक फुलांवर हातानें पराग घालावयाचा. त्यांतून हातीं लागणारीं फळें मोजकीं. त्यांच्या कोया रुजवावयाच्या, रोपें वाढवावयाचीं, तीं फळावर येईपर्यंत वर्षेंच्या वर्षें वाट पाहावयाची, आणि मग प्रत्येक झाडाच्या फळाचें वजन, गर, गोडी व टिकाऊपणा यांचीं टिपणें हंगामामागून हंगाम ठेवावयाचीं. कल्पना शास्त्रज्ञाची खरी. परंतु शिडीवर उभें राहून मोहोरास चिठ्ठी बांधणारा व वहींत आंकडा लिहिणारा हात बहुधा साहाय्यकाचा असतो. तो आंकडा खोटा पडला तर वरचा सारा इमला खोटा.

आंकड्याचें मोल दफ्तरांत जन्म काढलेल्या माणसास वेगळें सांगावें लागत नाहीं. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी केली व १९१७ सालीं ती इंग्रजींत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. खातेदाराची सरासरी जमीन १७७१ सालीं ४० एकर होती, ती १८१८ मध्यें साडेसतरा एकर झाली आणि पाहणीच्या वेळीं अवघ्या ७ एकरांवर आली, हें त्यांनीं गांवच्या जुन्या कागदांवरून व घरोघर चौकशी करून दाखविलें. ह्या कामांत साहेबांसमवेत महाविद्यालयांतील मराठी सहकारी होते. जातेगांव बुद्रुक या दुसऱ्या गांवावरील १९२१ सालच्या ग्रंथावर तर साहेबांच्या जोडीनें एन्. व्ही. कानिटकर यांचें नांव छापलेलें आहे. ह्याच कानिटकरांनीं पुढें सोलापूरकडील कोरडवाहू शेतीच्या संशोधनांत काम केलें आणि भारतांतील कोरडवाहू शेतीवरील त्यांचा ग्रंथ १९४४ सालीं बाहेर पडला. दुसऱ्याच्या हाताखालीं मोजणी व चौकशी करतां करतां मनुष्य स्वतः अधिकारी कसा होतो, याचें ह्याहून चांगलें उदाहरण शोधण्याचें कारण नाहीं. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरांत मिसळून गेलें आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वीं तेथील कुणब्याची जमीन किती व कर्ज किती, हें आजहि वाचतां येतें. कारण तें त्या वेळीं कोणी तरी नीट लिहून ठेविलें.

दुसरें उदाहरण कमला सोहोनी यांचें. त्यांचें माहेरचें आडनांव भागवत. मुंबई विद्यापीठाची शास्त्राची पदवी घेऊन १९३३ सालीं त्यांनीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत संशोधनासाठीं अर्ज केला, तेव्हां संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून त्यांस नकार दिला. बाईंनीं तो मुकाट्यानें मानला नाहीं. त्या समक्ष जाऊन भिडल्या, एक वर्ष परीक्षेवर राहण्याची अट पत्करली, व कामानेंच रामन यांचें मत फिरविलें. १९३९ सालीं त्यांस केंब्रिज येथील डॉक्टरेट मिळाली. पुढें त्यांनीं डाळी, तांदूळ व नीरा यांच्या पौष्टिकतेवर संशोधन केलें. आमच्या माडाबागांच्या किनाऱ्यावरील मुलींनीं ही हकीकत अवश्य ध्यानांत ठेवावी. जाहिरातीची वाट पाहत घरीं बसणारास हें काम मिळत नाहीं, आणि पहिल्या नकारानें परत फिरणारास तर नाहींच नाहीं.

आतां व्यवहाराकडे वळूं. केवळ बी. एस्सी. झालेल्यास बहुधा क्षेत्रसाहाय्यक किंवा प्रकल्पसाहाय्यक एवढीच जागा मिळते व वेतन बेताचें असतें. एम्. एस्सी. होऊन नेटसारखी राष्ट्रीय परीक्षा उतरल्यास कनिष्ठ संशोधनवृत्ति मिळूं शकते. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०२३ पासून तिचा दर दरमहा ३७,००० रुपये, पुढील पायरीस ४२,००० रुपये, व शिवाय घरभाडें, असा ठरविला आहे. म्हणून ज्यास ह्या वाटेनें जावयाचें आहे त्यानें बी. एस्सी. नंतरची एक-दोन वर्षें साहाय्यकाच्या कामांत शिकावीं व त्याबरोबरच पुढील परीक्षेची तयारी करावी, हें उत्तम.

विचारावें कोठें? दूर जाण्याचें कारण नाहीं. वेंगुर्ल्याचें केंद्र आपल्या जिल्ह्यांतच आहे. १९७२ सालीं स्थापन झालेलें दापोलीचें कृषि विद्यापीठ, रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र, रत्नागिरीचें मत्स्य महाविद्यालय, जुन्या गोव्यांतील किनारी शेतीची केंद्रीय संस्था, १९६६ सालीं स्थापन झालेली व आज दोनापावल येथें असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आणि काजूसाठीं कर्नाटकांतील पुत्तूर. किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची मोजदाद केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्था करीत असते. बांगडा व तारली लांबून ओळखणाऱ्या आमच्या प्राणिशास्त्राच्या मुलांस तें काम अनोळखी नाहीं. जागांच्या सूचना त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर निघतात व पुष्कळदां मुदत थोडी असते. सबब दर आठवड्यास त्या पाहण्याचा नेम ठेवावा.

अर्ज कसा असावा? एकच पत्र शंभर ठिकाणीं धाडल्यानें कांहीं होत नाहीं. ज्या शास्त्रज्ञाकडे काम करावयाचें त्याचे एक-दोन लेख वाचावे, त्यांतील काय समजलें व आपण कोणत्या कामास उपयोगी पडूं हें एका पानांत लिहावें. त्याबरोबर आपल्या मुलांजवळ शहरच्या मुलांस न मिळणारें एक भांडवल आहे, तें जोडावें. तें म्हणजे घरची बाग. दहा कलमें निवडून त्यांवर क्रमांक घालावे. पालवी केव्हां आली, मोहोर कोणत्या तारखेस फुटला, तुडतुडे व फुलकिडे किती दिसले, फवारणी कोणती व केव्हां केली, फळ किती धरलें व किती गळलें, हें एक हंगामभर वहींत लिहावें. ती वही मुलाखतींत टेबलावर ठेविली म्हणजे गुणपत्रिकेनें न होणारें काम होतें.

पालकांची शंका अशी कीं, प्रकल्प संपला कीं नोकरी संपली, निवृत्तिवेतन नाहीं, मग लग्नसंसार कसा व्हावा? ही शंका रास्त आहे. म्हणून मुलांनीं डोळे उघडे ठेवून जावें. प्रकल्प किती वर्षांचा आहे हें आधीं विचारावें. काम केल्याचें लेखी प्रमाणपत्र घ्यावें. आपल्या श्रमांतून लेख निघाला तर त्यांत आपलें नांव काय म्हणून येणार, हें विनयानें पण स्पष्ट विचारावें. महिनाभर शिकण्यासाठीं विनावेतन राबण्यास हरकत नाहीं; वर्षभर तसें राबवूं पाहणाराकडे राहूं नये. जागेसाठीं पैसा मागणारास तर दारांतूनच परत लावावें. एवढें संभाळलें असतां, दोन-तीन वर्षांची ही चाकरी संपली तरी अंगीं आलेली शिस्त संपत नाहीं. रोपवाटिका, प्रक्रिया-उद्योग, निर्यातीची तपासणी, शाळा-महाविद्यालयें, कोठेंहि ती उपयोगी पडते.

परंतु सर्व भार मुलांवर टाकून आपण बागाईतदारांनीं मोकळें होणें बरें नव्हे. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळानें बागा मोडल्या, तेव्हां पंचनाम्यांत झाडांची संख्या लिहिली गेली. त्याच वर्षीं १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी सुरू झाली व पिकाची नोंद खातेदार स्वतः करूं लागला. ह्या नोंदी आवश्यक आहेत, परंतु झाड किती हें त्यांतून कळतें. तें कां फळलें नाहीं हें कळत नाहीं. मोहोर पुढें कां गेला, फुलकिड्यांवर औषध कां चालेनासें झालें, काजूवर ढेकण्या कोणत्या पंधरवड्यांत चढला, कल्टार घातलेल्या व न घातलेल्या कलमांत पांच वर्षांनीं काय फरक पडला, याचा हिशेब आपल्यांपैकीं कितीजणांच्या घरीं लिहिलेला आहे? आपण तो तोंडीं सांगतों, आणि प्रत्येकाचें सांगणें निराळें असतें. शास्त्रज्ञाकडे गाऱ्हाणें नेलें तर तो आंकडे मागतो, व आपण रिकाम्या हातानें परततों.

सबब सूचना अशी : आपल्या संघानें नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांच्या हंगामासाठीं एक शास्त्र-पदवीधर साहाय्यक नेमावा. दरमहा २०,००० रुपये धरले तर खर्च १,६०,००० रुपये होतो. ३२० सभासदांनीं प्रत्येकीं ५०० रुपये दिले कीं रक्कम पुरी होते. हापूसच्या एका पेटीस चांगला भाव आला तर ५०० रुपये त्यांतच सुटतात. साहाय्यकानें किनारपट्टीच्या व आंतल्या गांवांतील ठरलेल्या बागांत दर आठवड्यास फेरी घालून एकाच नमुन्याच्या वहींत नोंदी कराव्या. त्याच्या कामावर देखरेख ठेवण्याची विनंति वेंगुर्ल्याच्या केंद्रास करावी. आणि हंगामाच्या अखेरीस त्या नोंदींचा गोषवारा ह्याच मासिकांत छापावा. यांत मुलाचें शिक्षण होतें, आपली बाग शहाणी होते, आणि पुढील अर्जास लागणारा अनुभव त्याच्या हातीं येतो.

विद्यापीठें व सरकार यांसहि एक विनंति आहे. प्रकल्पाच्या नेमणुकी तुकड्यातुकड्यांच्या हुकुमांनीं न करतां प्रकल्पाच्या पूर्ण मुदतीच्या कराव्या, व जाहिरात मराठींतहि आणि पुरेशी आधीं काढावी. मालवणच्या मुलास दापोली गांठावयास एक दिवस मोडतो. परवांची मुलाखत आज कळून त्याचा काय उपयोग?

संघाच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेंत साहाय्यकाच्या नेमणुकीचा ठराव मांडण्याचा आमचा विचार आहे. ज्या सभासदांस तो मान्य असेल त्यांनीं आपलें नांव, गांव व नोंदींसाठीं देऊं शकतील त्या कलमांची संख्या संघाच्या कचेरींत कळवावी. ज्यांस मान्य नसेल त्यांनींहि आपला आक्षेप लेखी द्यावा, म्हणजे सभेंत त्याचा यथायोग्य विचार करतां येईल.