जनरल जगन्नाथराव भोसले

आझाद हिंद सेनेचे एस्प्लनेडवरील स्मारक ब्रिटिशांनी १९४५ साली परत येताच उडवून दिले. त्या जागी १९९५ साली खुणेची शिला बसली. ती पाहून नेताजींचे स्मरण सर्वांनाच होते. पण नेताजी येथे येईपर्यंत ती सेना कोणी जगविली, हे फारसे कोणी विचारीत नाही.

जगन्नाथराव भोसले यांचा जन्म १९०६ साली सावंतवाडी संस्थानात झाला. डेहराडून व सँडहर्स्ट येथे शिकून ते ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात अधिकारी झाले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५,००० हिंदी सैनिक जपान्यांच्या हवाली करण्यात आले. बादशहाशी घेतलेली शपथ पाळावी की मोडावी? पाळणाऱ्यांना भ्याड म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांतील कित्येकांनी न्यू गिनीच्या छावण्यांत प्राण सोडले. भोसले यांनी शपथ मोडली व सप्टेंबरात उभ्या राहिलेल्या नव्या सेनेत हिंदुस्थान फील्ड फोर्सचे आधिपत्य स्वीकारले.

खरी कसोटी पुढेच होती. जपान्यांच्या हेतूंविषयी विश्वास उडाल्यामुळे जनरल मोहनसिंग यांनी सेना मोडण्याचे ठरविले आणि डिसेंबरअखेर ते कैद झाले. सेनेत राहावे तर जपान्यांचे बाहुले ठरावे, सोडावी तर पुन्हा काटेरी तारांआड जावे! अशा वेळी, १९४३ च्या आरंभी, भोसले यांनी लष्करी विभागाचे संचालकपद पत्करले. रुसलेल्यांची समजूत घालणे, फुटू पाहणारी पथके एकत्र ठेवणे, या कामाचे पोवाडे होत नाहीत. तलवार उपसण्याहून त्याला धैर्य कमी लागते, असे मात्र कोणी समजू नये. ५ जुलै रोजी पाडांगवर नेताजींना मानवंदना देण्यास सेना उभी होती, ती त्यामुळेच. मग मलायाच्या रबराच्या मळ्यांतून माणसे भरतीस आली. ज्यांच्या वाडवडिलांनी करारावर अंगठा उमटविला होता, त्यांनी खांद्यावर बंदूक घेतली. २१ ऑक्टोबर रोजी कॅथे नाट्यगृहात घोषित झालेल्या हंगामी सरकारातही भोसले होते.

स्वतंत्र भारताच्या सैन्याने मात्र या लोकांस परत घेतले नाही. भोसले १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले व पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. दिल्लीतील निर्वासितांची पोरकी, सैरभैर मुले त्यांनी पाहिली आणि १९५४ साली राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. १९६३ साली निधन पावलेल्या या सेनानीच्या हाती अखेरीस सैन्य आले, ते कवायत शिकणाऱ्या शाळकरी मुलांचे.