ऑफर लेटरमधला आकडा

देवळाली प्रवराहून एका आईने विचारले आहे : मुलगा बी.कॉम. झाला, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सेल्सची नोकरी मिळते आहे, पाठवू का?

भगिनी, पाठवा, पण आधी ऑफर लेटर नीट वाचा. अशा कंपन्यांत फक्त इंजिनिअरच लागतात असे नाही. समोरच्याची गरज शांतपणे ऐकून घेणारा मुलगाही लागतो, आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या मुलाला ते निम्मे आधीच येते. कामापुरते इंग्रजी शिकता येते.

खरी गोम पगारात असते. कागदावर सहा लाख, पण त्यातले दोन लाख टार्गेट पूर्ण झाले तरच. तिमाही संपत आली की रात्रीही फोन चालू. २०२५ ची रमजान ईद नेमकी ३१ मार्चला आली होती. सेल्सच्या मुलांना त्या दिवशी सुट्टी मागणे किती जड गेले असेल!

याहून मोठी गोष्ट विकण्याच्या पद्धतीची. पालकांच्या गळ्यात अभ्यासक्रम मारल्याच्या तक्रारींवरून डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 'बायजूज'च्या प्रमुखांना बोलावले होते. असे फोन करणारी मुले आपल्यासारख्याच घरांतली असतात. दोष झाकून विकलेल्या मालाची कमाई कशी, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून मुलाखतीत मुलाने विचारावे : निश्चित पगार किती? मागच्या वर्षी किती जणांनी टार्गेट गाठले? गिऱ्हाईकाने पैसे परत मागितले तर कमिशन कापता का?

निश्चित पगारात पुण्यातली खोली आणि मेस भागत असेल तर बिनघोर पाठवा. नसेल, तर वर्षभर श्रीरामपुरातल्या एखाद्या कॉम्प्युटरच्या दुकानात हात बसू द्या.