शुगर असेल तर मोती पिकायची वाट पाहू नका

घरात कोणाला शुगर असेल, तर त्यांच्या डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला होता, हे आजच विचारा. वर्ष उलटून गेलं असेल किंवा कधीच तपासला नसेल, तर या महिन्यातच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. पुढचं वाचायला सवड नसेल तर एवढं तरी नक्की करा.

मी डॉक्टर नाही. नेत्रशिबिरांत नावं लिहून घेणं, थेंब घातलेल्या माणसांना बाकावर बसवणं, संध्याकाळी हात धरून गाडीत चढवणं, ही माझी कामं. मागच्या हिवाळ्यात एक बाई आल्या होत्या, वय ५२. मुलगा म्हणाला, "आईला दोन वर्षांपासून मोतीबिंदू आहे. पिकला नव्हता म्हणून थांबलो होतो." बाई म्हणाल्या, "अंगणात ऊन आलं की समोरचं माणूस नुसतं पांढरं दिसतं. तांदूळ निवडायला बसले तर खडा कुठला नि दाणा कुठला, कळत नाही." शुगर नऊ वर्षांची. गोळ्या चालू होत्या, पण रक्त तपासायचं ते चक्कर आली तरच. बोटाला टोचून पाहिलं तर साखर तीनशेच्या वर. त्या दिवशी शस्त्रक्रिया झाली नाही. साखर आटोक्यात आल्यावर ती झाली, चांगली झाली. पट्टी काढली तेव्हा बाईंनी आधी मुलाकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा मुलाकडे. म्हणाल्या, "कडेकडेनं छान दिसतंय रे, पण तुझं तोंड अजून धूसरच आहे."

मोतीबिंदू निघाला होता. त्याच्यामागे पडदा सुजलेला होता. डोळ्यातलं भिंग इतकं गढूळ झालेलं की आतलं नीट दिसत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मोती पिकायची वाट बघण्यात जी दोन वर्षं गेली, त्यातच पडद्यावर उपचार व्हायला हवे होते.

म्हणून हे लिहितो आहे. मोतीबिंदू म्हातारपणी सगळ्यांनाच होतो, ही समजूत बऱ्याच अंशी खरी आहे आणि तिच्यामुळेच शुगरची माणसं गाफील राहतात. त्यांना तो लवकर होतो, झपाट्यानं वाढतो. डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. भोवतीच्या पाण्यातून त्याला साखर मिळते. ती आत शिरायला इन्सुलिन लागत नाही. रक्तात साखर वाढली की भिंगातही वाढलीच. तिथे तिच्यापासून सॉर्बिटॉल नावाचा पदार्थ बनतो, तो सहज बाहेर पडत नाही, पाणी ओढून घेतो आणि भिंगाचे तंतू फुगतात. दुसरीकडे ही साखर भिंगातल्या प्रथिनांना चिकटते. अंड्याचा पांढरा भाग कच्चा असताना आरपार दिसतो, शिजला की पांढराफेक होतो. भिंगाचंही तसंच काहीसं होतं. वय हे काम हळूहळू करतं. साखर त्याची घाई करते.

खुणा घरातच दिसतात. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांवर फुटल्यासारखा पसरतो. चष्म्याचा नंबर काही महिन्यांतच बदलतो. कधी उलटंही होतं. आजोबांना अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो आणि घरात आनंद होतो. कृपा करून त्यांना लगेच तपासायला न्या, वाढत्या मोतीबिंदूची ती खूण असू शकते. आणि पन्नाशीच्या आतबाहेर कोणाला मोतीबिंदू निघाला, तर त्यांची साखर तपासल्याशिवाय राहू नका.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी जवळजवळ दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचं आढळलं. म्हणजे एका छोट्या शस्त्रक्रियेनं ज्यांना पुन्हा दिसू शकतं, अशी माणसं आपल्या ओसरीवर बसून आहेत.

मोती पिकू द्यायचा, हा जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेचा नियम होता. आता फेको नावाच्या पद्धतीनं काही मिलिमीटरच्या छेदातून काम होतं. थांबल्यानं भिंग कडक होतं, शस्त्रक्रिया अवघड होते. फार पिकलेला मोती डोळ्यातला दाब वाढवून काचबिंदू करू शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. शस्त्रक्रिया थंडीतच करायची, हेही खरं नाही. मोती विरघळवणारे थेंब नाहीत. मध, गुलाबपाणी, कसलाही रस डोळ्यात घालू नका. साखर आटोक्यात आणली की झालेला मोती जात नाही. पण पुढचा वेग कमी होतो, पडदा वाचतो, जखम नीट भरते.

शस्त्रक्रिया ठरली तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, तपासून घ्या आणि "पडद्याचं काय?" हा प्रश्न स्वतःहून विचारा. सुजलेल्या पडद्याचे उपचार आधी करावे लागू शकतात. गोळ्या किंवा इन्सुलिन मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. नंतरचे थेंब हात धुऊनच घाला. डोळा लाल झाला, ठणकला, नजर कमी झाली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. शुगरच्या माणसाला जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो.

पैशांसाठी थांबू नका. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यातून सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारा, शिबिर कधी आहे ते त्या सांगतील. तिशीपुढच्या सगळ्यांची साखर आरोग्य केंद्रात तपासतात, तीही करून घ्या.

आणि घरातल्या बाईचे डोळे सगळ्यात शेवटी दाखवले जातात, हे मी दर शिबिरात बघतो. "माझं काय, चाललंय" असं ती म्हणेल. ऐकू नका. चुलीपुढे, गॅसपुढे चाचपडत ती किती दिवस चालवते आहे, हे तुम्हाला कळणारही नाही.

पडदा तपासायला बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. त्यानंतर काही तास नीट दिसत नाही, उन्हात डोळे दिपतात. म्हणून सोबत कोणीतरी लागतं. त्या दिवशी कामावरून सुट्टी काढा, आणि त्यांना एकटं पाठवू नका.