तांब्यावर गोरा, कोर्टात काळा

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची जुनी कोरीव चित्रं बघा, दोस्तहो. नीट बघा. धूर, संगिनी, लाल डगलेवाले सोजीर आणि गोळ्या खाऊन पडलेली माणसं. सगळी गोरी. जणू गोऱ्यांची घरातली मारामारी!

आधी तांब्याच्या पत्र्याचा धंदा ऐका. कोरणीनं रेघ मारली की तिच्यात शाई बसते, ती कागदावर काळी उमटते. जिथं हात लावला नाही तिथं कागद पांढरा. म्हणजे काळं तोंड काढायचं तर रेघेवर रेघ मारावी लागते, घाम गाळावा लागतो. गोरं तोंड फुकट मिळतं.

पॉल रिव्हिअरनं तो घाम गाळला नाही. 5 मार्च 1770 ला बोस्टनमध्ये इंग्रज सोजिरांनी जमावावर गोळ्या घातल्या. लढाई पेटायला अजून पाच वर्षं होती, पण वात इथं लागली. मेलेल्यांत क्रिस्पस अ‍ॅटक्स. काळ्या आणि तिथल्या आदिवासी रक्ताचा, खलाशी, दोरखंड वळणारा, बंदरावर राबणारा. (आमच्या गोदीतला म्हटला तरी चालेल.) रिव्हिअरनं हेन्री पेलहॅमचं चित्र ढापलं आणि महिन्याच्या आत छापून बाजारात आणलं. खाली मेलेल्यांच्या यादीत अ‍ॅटक्सचं नाव हाय. वर चित्रात त्याचं काळं तोंड नाय.

कुणी शहाणा म्हणेल, तेव्हा रंगाकडं कोण बघत होतं? बघत होते, भडवे! त्याच साली सोजिरांवर खटला चालला. त्यांचा वकील जॉन अ‍ॅडम्स, पुढं 1797 ला राष्ट्राध्यक्ष झाला तोच. त्यानं जूरीपुढं मांडलं की हा जमाव म्हणजे पोरंटोरं, काळे, आयरिश, खलाशी असला गाळ. आणि त्या अ‍ॅटक्सचं तर नुसतं रूप बघून माणसाची गाळण उडावी. आठांपैकी सहा सोजीर सुटले, दोघांच्या अंगठ्याला डाग देऊन सोडलं. दंगा अंगावर घालायला काळा पाहिजे. हुतात्मा विकायला गोरा पाहिजे. माणूस एकच, वर्ष तेच, गाव तेच.

मग लेक्सिंग्टन, 19 एप्रिल 1775. अमोस डूलिटलनं राल्फ अर्लच्या रेखाटनांवरून चार पत्रे कोरले आणि डिसेंबरात विकायला काढले. साधा संच सहा शिलिंग, रंगीत आठ. पहिल्या चित्रात ओळख पटावी म्हणून आकडे घातलेत. इंग्रज मेजर पिटकेर्नला आकडा, गावातल्या खानावळीलासुद्धा आकडा. गावच्या लढणाऱ्यांना सगळ्यांत मिळून एक. त्यांच्यातच प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा गुलाम होता, मालकलोकांच्या स्वातंत्र्यासाठी जखमी झाला. त्याला शोधून दाखवा मला त्या चित्रात.

बंकर हिलचं तर कौतुकच आहे. लढाई 17 जून 1775 ची. जॉन ट्रंबलनं 1786 ला चित्र रंगवलं, ते जर्मनीत म्युलरनं कोरलं, ठसा निघाला 1798 ला. यात काळा माणूस हाय, बंदूक पण हाय! पण कुठं? उजव्या कडेला, गोऱ्या लेफ्टनंट ग्रोव्हनरच्या पाठीमागं दडून. पिढ्यान्‌पिढ्या लोक म्हणाले, हाच पीटर सालेम, यानंच पिटकेर्नला उडवला. आता अभ्यासक म्हणतात, हा ग्रोव्हनरचा गुलाम असावा. कोण आहे हे चितारणाऱ्यानं लिहून ठेवायची तसदी घेतली नाही ना. खरा पीटर सालेम लढून आला आणि 1816 ला गावच्या गरीबखान्यात मेला.

त्याच टेकडीवर दुसरा काळा लढला, सालेम पूअर. चौदा अधिकाऱ्यांनी डिसेंबर 1775 ला सही करून दिलं की हा मोठ्या शौर्यानं लढला. कागद शिल्लक आहे. चित्र एकानंही कोरलं नाही.

अ‍ॅटक्सला तोंड मिळायला 85 वर्षं लागली. बोस्टनच्याच विल्यम कूपर नेल या काळ्या माणसानं 1855 ला काळ्या सैनिकांचा इतिहास लिहिला आणि पुस्तकाच्या तोंडालाच अ‍ॅटक्सचं मरण छापलं. जोतिबांनी 1873 ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना. ती माणसं नेलच्या बाजूची, रिव्हिअरच्या नव्हेत.

रिव्हिअरचा ठसा अजून पुस्तकांत छापतात. छापा की! पण शेजारी नेलचं चित्र छापा, आणि दोन्हींच्या खाली जॉन अ‍ॅडम्सचं कोर्टातलं भाषण, जसंच्या तसं.