दारूमुक्ती, श्रद्धा आणि संघटना

धर्माला अफूची उपमा देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु खऱ्याखुऱ्या दारूच्या वा अफूच्या विळख्यातून सुटण्यासाठी माणसे धर्मश्रद्धेचा हात धरतात आणि त्यांतील काही खरोखरच सुटतात, तेव्हा ती उपमा अपुरी पडते. संघटनेतील एखादा सहकारी चर्चच्या आवारात भरणाऱ्या मद्यपींच्या सभेस जाऊ लागला, की ‘हा आता देवभोळा झाला’ अशी कुजबुज सुरू होते. तो गुत्त्यावर जात होता, तेव्हा मात्र कुणाला त्याच्या वैचारिक अधःपाताची चिंता वाटलेली नसते. या वृत्तीचा विचार होणे अगत्याचे आहे. कारण प्रश्न तत्त्वचर्चेचा नसून हाडामांसाच्या माणसांचा आणि त्यांच्या बायकामुलांचा आहे.

‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या चळवळीचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. तिचे मूळ निःसंशय ख्रिस्ती आहे. फ्रँक बुकमन या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या ‘ऑक्सफर्ड ग्रुप’मध्ये आत्मपरीक्षण, दोषांची कबुली, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई आणि इतरांस साहाय्य यांवर भर असे. शेअरबाजारात वावरणारा बिल विल्सन या मंडळींच्या सहवासात आला. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात त्याला ईश्वरी साक्षात्काराचा अनुभव आला आणि त्याची दारू सुटली. पुढील काही महिने तो इतर मद्यपींना त्या साक्षात्काराची प्रवचने देत हिंडला. एकाचीही दारू सुटली नाही. अखेर डॉ. सिल्कवर्थ यांनी, उपदेश थांबवून या आजाराविषयी बोला, असा सल्ला त्याला दिला.

मे १९३५ मध्ये ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी धंद्यातील अपयशाने खचलेला विल्सन पुन्हा प्याल्याकडे ओढला जाऊ लागला. त्या वेळी त्याने दुसऱ्या मद्यपीचा शोध घेतला. त्याला तारण्यासाठी नव्हे, तर स्वतः तरण्यासाठी. हा दुसरा मद्यपी म्हणजे शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की डॉ. स्मिथ दोन वर्षांहून अधिक काळ ऑक्सफर्ड ग्रुपच्या प्रार्थनांना जात होते आणि पीतही होते. त्यांच्यापाशी श्रद्धेची उणीव नव्हती. उणीव होती ती आपल्याच पायरीवर उभ्या असलेल्या, आपल्यासारख्याच पोळलेल्या माणसाची. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा प्याला घेतला, असे मानले जाते आणि तोच दिवस चळवळीचा स्थापनादिन ठरला.

श्रद्धेला समतेची जोड मिळाली तेव्हाच ती फलदायी झाली, हा या कथेचा अर्थ आहे. बुकमनने १९३६ मध्ये हिटलरची वाखाणणी केली. त्याच्याच ‘नैतिक पुनरुत्थान’ चळवळीचे पाचगणीचे केंद्र आपल्या वाचकांस परिचित असेल. मद्यपींची संघटना मात्र १९३९ पर्यंत ऑक्सफर्ड ग्रुपपासून पूर्णपणे वेगळी झाली. ईश्वर म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे, अशी मोकळीक नास्तिक सभासदांच्या आग्रहामुळे तिच्या कार्यक्रमात आली. सभासदत्वाला शुल्क नाही, बाहेरची देणगी घ्यावयाची नाही, कुणी कुणाचा महंत नाही. कितीतरी राजकीय पक्षांनी हेवा करावा अशी ही घटना आहे.

हे सारे भाबडेपणाचे आहे, असेही म्हणता येणार नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या संशोधन संस्थेने २७ अभ्यासांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, या चळवळीकडे रुग्णांना वळविणारे पद्धतशीर उपचार अन्य प्रस्थापित उपचारांहून सरस आढळले. अर्थात ते सर्वांनाच लागू पडतात असे नाही. आणि दीर्घकाळ पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर जिवावर बेतू शकते, म्हणून वैद्यकीय देखरेख अपरिहार्यच आहे. शिवाय श्रद्धेची सक्ती होता कामा नये. तुरुंगातील सवलतींसाठी नास्तिक कैद्याला अशा कार्यक्रमात बसविणे घटनाबाह्य आहे, हा न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायासनाचा १९९६ चा निर्णय आपल्याकडील सरकारी अनुदानित केंद्रांनाही मार्गदर्शक ठरावा.

मुंबईत १९८१ मध्ये फादर जोसेफ परेरा यांनी वांद्र्याला ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले आणि या कार्यक्रमाला पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगपद्धतीची जोड दिली. पुण्यातच १९८६ मध्ये सुनंदा व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभारले. त्याला कोणत्याही पंथाचा टिळा नाही. मार्ग भिन्न, परंतु मद्यपी हा पापी नसून आजारी माणूस आहे आणि तो सोबतीने बरा होतो, ही जाणीव समान आहे.

मात्र एका ठिकाणी या सभांची वाट संपते. मद्यव्यवसायाविषयी मत द्यावयाचे नाही, असा त्यांचा दंडक आहे. त्यांच्यापुरता तो योग्यही असेल. आपल्याला तो पाळता येणार नाही. राज्याची तिजोरी दारूच्या करावर भरते. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते गरिबांचेच होते. हा केवळ व्यक्तीच्या आत्मशुद्धीचा प्रश्न नव्हे. दल्ली-राजहरा येथील लोहखाणींत शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने १९७७ नंतर मजुरी वाढवून घेतली आणि वाढलेला पैसा गुत्त्यात जातो आहे हे पाहताच दारूबंदी हे युनियनचेच काम मानले. तेथे प्रार्थना नव्हती. सोबत होती, शिस्त होती आणि मद्यसम्राटांशी उघड झगडाही होता.

तेव्हा आपले कर्तव्य दुहेरी आहे. चर्चच्या आवारातील सभेने ज्याला हात दिला, त्याची टवाळी न करता त्याला सन्मानाने कामात परत घ्यावयाचे. आणि ज्याला देवाचे नाव घ्यावयाचे नाही, त्याच्यासाठी युनियनच्या कार्यालयाचा दरवाजा सायंकाळी उघडा ठेवावयाचा. गुत्ता आणि चर्च याखेरीज तिसरी जागा कामगारवस्तीत नसेल, तर दोष श्रद्धेला देण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.