भिंतीवरच्या कोळणी

मुंबईतल्या एका कलादालनात कोळीवाड्याची चित्रं पाहिली. लाल लुगडी, सोनेरी वाळू, पाठमोऱ्या कोळणी. बर्फाचा चुरा, डिझेलचे कॅन, लिलावाची बोली, ससून डॉकवर पहाटेपासून कोळंबी सोलत बसलेल्या बाया, यातलं काहीच नाही. खाली पाटी : ‘लोप पावत चाललेलं जीवन’.

जणू ते आपोआप लोपतंय! सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून वरळीच्या कोळ्यांना खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घ्यायला २०२२च्या डिसेंबरपर्यंत झगडावं लागलं. तो खांब एकाही चित्रात नाही.

चित्रकारांनो, कोळणीचं लुगडं पुष्कळ रंगवलंत. आता तिचा चेहरा काढा, आणि तिच्या होडीसमोरचा खांबही.